आईचा ‘पेशीशुद्धी चहा’ आणि घसरलेलं पोटॅशियम

मुक्ता_कर्वेनगर

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. पण गेल्या दोन महिन्यांत घरी जे झालं ते लिहायलाच हवं असं वाटतंय, शिवाय काही प्रश्नही आहेत.

आई ६८ वर्षांची. बीपीची गोळी दहा वर्षांपासून चालू, आणि त्या गोळीतच लघवी वाढवणारं औषधही आहे. बाकी तब्येत ठणठणीत. रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्याने चालून येते. जूनमध्ये ती भिशीतल्या मैत्रिणींबरोबर एका हॉलमध्ये आरोग्यावरच्या व्याख्यानाला गेली. तिथे पडद्यावर पेशींची रंगीत चित्रं दाखवली. पेशींत विषारी घाण साचते, त्यानेच सांधे धरतात, साखर वाढते, कॅन्सर होतो, असं सांगितलं आणि शेवटी चहाचे डबे विकले. एक डबा १,८५० रुपयांचा. आईने तीन आणले.

दिवसातून तीन कप. पहिल्याच आठवड्यात पोट खळखळून साफ व्हायला लागलं, वजन दीड किलो उतरलं, आई खूश. “बघ, घाण निघतेय,” म्हणायची. चौथ्या आठवड्यात रात्री पोटऱ्यांत गोळे यायला लागले. एकदा रात्री दोनला तिने हाक मारली. जाऊन बघते तर पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी डावी पोटरी आवळून धरलेली, इतकी की बोटं पांढरी पडली होती. सकाळी जिना चढताना पाऊल उचलेना. बीपी १७४/९८. रक्त तपासलं तर पोटॅशियम २.७. ते ३.५ च्या खाली जाता कामा नये. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, दर काही तासांनी हृदयाचा आलेख काढत होते.

डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं होतं, “काढाबिढा, आयुर्वेदिक काही घेता का?” आई म्हणाली, नाही. तिच्या लेखी तो चहा होता. मलाही तेव्हा सुचलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. दुपारी घरी आले, ओट्यावर डबा दिसला, तशीच रिक्षा करून परत गेले.

आई आता घरी आहे, बरी आहे. पण घाबरली आहे. पावसाळ्यात आमच्याकडे गवती चहा असतोच, तोही घ्यायला तयार नाही. माझे प्रश्न असे: वनस्पतींच्या चहाचा पेशींवर खरोखर काही परिणाम होतो का? होत असेल तर तो चांगला का वाईट? आणि आईला काय चालेल?

पर्वतीचा_पांथस्थ

मुक्ताताई, काकू बऱ्या आहेत हे वाचून हायसं वाटलं.

पण एका डब्यावरून सगळ्या काढ्यांना बोल लावू नये असं मला मनापासून वाटतं. मी चौदा वर्षं रोज पहाटे पर्वती चढतो आणि खाली आल्यावर तुळस, आलं, दालचिनी, मिरी यांचा काढा घेतो. सर्दी-खोकला क्वचितच होतो. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानेही तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी याच चौघांचा काढा घ्यायला सांगितलं होतं. तेव्हापासून मी गुळवेलीचा रसही रोज घेतो. ग्रीन टीमधली कॅटेचिनं, म्हणजे ती तुरट द्रव्यं, पेशींचं रक्षण करतात यावर तर ढिगाने संशोधन झालंय. माझे आजोबा ९१ वर्षं जगले, आयुष्यभर सुंठीचं पाणी प्यायले. आपल्या परंपरेत तथ्य आहे, ते एका विक्रेत्यामुळे नाकारू नका.

वैद्य_शनिवारपेठ

मी आयुर्वेदाची वैद्य आहे, २२ वर्षं प्रॅक्टिस करते. मुक्ता, त्या डब्यावरच्या घटकांची यादी जशीच्या तशी इथे देशील? बारीक अक्षरातलं सगळं. मला एक शंका आहे.

मुक्ता_कर्वेनगर

मोबाइलवर फोटो मोठा करून वाचावं लागलं. ग्रीन टी अर्क, लिकोरिस रूट, सेना लीफ, सिनॅमन, टर्मरिक, ब्लॅक पेपर, टिनोस्पोरा, तुळस, नैसर्गिक सुवास. कुठलं किती ते दिलेलं नाही. परवाना खाद्यपदार्थाचा आहे, औषधाचा नाही.

वैद्य_शनिवारपेठ

शंका खरी ठरली. लिकोरिस म्हणजे ज्येष्ठमध आणि सेना म्हणजे सोनामुखी. (टिनोस्पोरा म्हणजे गुळवेल.)

सोनामुखी हे रेचक आहे. आईंचं पोट साफ होत होतं ते तिच्यामुळे, आणि दीड किलो वजन उतरलं ते बहुतांशी पाणी. रोज रेचक घेतलं की जुलाबावाटे पोटॅशियम जातं. बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध तेच लघवीवाटे घालवतं. आणि ज्येष्ठमध तिसऱ्या दाराने. तीन दारं एकाच वेळी उघडी, मग २.७ होणारच.

ज्येष्ठमधाचं थोडं सविस्तर सांगते, कारण तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक असतं. मूत्रपिंडाच्या पेशींत एक विकर (एन्झाइम) असतं, ते कॉर्टिसॉलला तिथल्या तिथे निष्क्रिय करतं. नाहीतर कॉर्टिसॉल दुसऱ्याच संप्रेरकाच्या जागी जाऊन बसेल आणि ‘मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोड’ असा हुकूम देईल. ज्येष्ठमधातलं ग्लायसिरायझिन पोटात गेलं की त्याचं जे रूपांतर होतं, ते नेमकं या विकरालाच अडवतं. म्हणून मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं, पोटॅशियम गळतं. युरोपात ग्लायसिरायझिन दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये असं सांगितलेलं आहे. चहा बंद केला तरी हा परिणाम लगेच ओसरत नाही, एक-दोन आठवडे लागू शकतात. तेव्हा आईंचं पोटॅशियम पुन्हा नक्की तपासा.

म्हणजे त्या डब्यातलं जे द्रव्य खरोखर पेशीपर्यंत पोचलं, त्यानेच आईंना दवाखान्यात नेलं.

ज्येष्ठमध वाईट नाही. घसा बसला की मी स्वतः रुग्णांना चघळायला देते, दोन-चार दिवस. पण बीपीच्या माणसाला, सूज असणाऱ्याला, रोज, महिनोन्‌महिने? कुठलाही वैद्य देणार नाही. शास्त्रात स्वरस, कल्क, क्वाथ, हिम, फांट हे पाच वेगळे कल्प, म्हणजे औषध करायच्या रीती, उगाच सांगितलेले नाहीत. गरम पाण्यात भिजवून गाळलं तर फांट, आपला चहा त्याच जातीचा. सोळापट पाणी घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवलं तर क्वाथ. द्रव्य तेच, पण कपात उतरणारी मात्रा वेगळी. आणि तो कप कुणाला, कुठल्या ऋतूत, किती दिवस, हे ठरवायला समोर माणूस लागतो. हॉलमध्ये दोनशे जणांना एकच डबा दिला तर त्याला आयुर्वेद म्हणू नये, याचा आम्हालाच सर्वांत जास्त त्रास होतो.

पेशीवाली

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचं काम करते. वैद्यबाईंचं ज्येष्ठमधाचं विवेचन अगदी बरोबर आहे. ‘पेशींवर परिणाम’ हे शब्द डब्यावर कुठून येतात ते मी सांगते, कारण ते आमच्याच टेबलावरून उचललेले असतात.

आमच्याकडे पेशी चपट्या प्लास्टिकच्या बशीत वाढतात. वर गुलाबी रंगाचं पोषक द्रव, ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, देशभरच्या प्रयोगशाळांना तिथून पेशी मिळतात. या बशीत कुठल्याही वनस्पतीचा अर्क टाकला की काही ना काही घडतंच. आंबट अर्क असेल तर गुलाबी द्रव पिवळं पडतं. पेशी गोल होतात, तळ सोडतात, मरतात. पण जास्तीचं मीठ टाकलं तरी मरतात. एवढ्यावरून मिठाला कॅन्सरचं औषध कुणी म्हणत नाही.

गवती चहाचंच उदाहरण घ्या. २००५ मध्ये इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की गवती चहातल्या सिट्रलमुळे बशीतल्या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी स्वतःहून मरतात. सिट्रल म्हणजे तो लिंबासारखा वास देणारं द्रव्य. त्यांनी असंही म्हटलं की एक ग्रॅम गवती चहाच्या कपात जेवढं सिट्रल असतं, साधारण तेवढ्याच तीव्रतेला हा परिणाम दिसला. निबंध खरा, काम चांगलं. पण बातमी झाली ती ‘गवती चहाने कॅन्सर बरा’ अशी, आणि तिथले रुग्ण गवती चहा पिकवणाऱ्या शेतावर जायला लागले.

कुठे घोटाळा होतो बघा. बशीतल्या पेशी त्या तीव्रतेच्या द्रवात तासन्‌तास बुडालेल्या असतात. आपण कप पितो तेव्हा आपल्या पेशी कपात बुडत नाहीत. आधी जठर, मग आतडं, मग यकृत. आतड्यातून जेवढं शोषलं जातं त्यावर यकृत लगेच काम करतं, त्याला दुसरा रेणू जोडून बाहेर काढायच्या रांगेत उभं करतं. वनस्पतींमधल्या पॉलिफिनॉल्सचंही, म्हणजे कॅटेचिनं वगैरे तुरट द्रव्यांचंही, हेच होतं. प्रयोगात जी तीव्रता वापरतात तिच्या मानाने रक्तात बहुतेक वेळा कित्येक पटींनी कमी सापडते, आणि तीही काही तासांत उतरते. बरंचसं तर मोठ्या आतड्यातले जीवाणू खातात आणि त्याचं वेगळंच काहीतरी बनवतात. खरा फायदा असेल तर तो बहुधा त्या वाटेने असावा असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट आमच्या क्षेत्राबाहेर फारशी कुणी सांगत नाही. ग्रीन टीतलं ईजीसीजी नावाचं कॅटेचिन बशीतल्या द्रवात टाकलं की ते हवेतल्या प्राणवायूमुळे स्वतःच बिघडतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. म्हणजे पेशींवर दिसलेला ‘चहाचा परिणाम’ कधीकधी चहाचा नसतोच, पेरॉक्साइडचा असतो. हे नीट तपासल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही, हे मला माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलं. तेव्हा माझे चार महिन्यांचे निकाल बाजूला ठेवावे लागले होते.

केशव_सिंहगडरोड

पेशीवाली, उत्तम लिहिलंत. पण मग अँटिऑक्सिडंटचं काय? फ्री रॅडिकल नावाचे उतावळे रेणू पेशींना गंज चढवतात, चहा तो गंज काढतो, असं शाळेच्या पुस्तकापासून ऐकतोय.

पेशीवाली

ती कल्पना १९५६ ची, डेनम हार्मन यांची. वृद्धत्वाचं मूळ फ्री रॅडिकलमध्ये आहे, असं त्यांनी मांडलं. त्यात अर्थ होता. पण त्यावरून ‘जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त आरोग्य’ असं जे गृहीत धरलं गेलं, ते माणसांवर तपासल्यावर टिकलं नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटिन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला होता. कमी नव्हे, जास्त. अमेरिकेच्या कृषी खात्याने पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट ताकदीचा तक्ताच २०१२ मध्ये काढून टाकला, कारण परीक्षानळीतला आकडा शरीरात काही सांगत नाही आणि जाहिरातदार मात्र तो वापरत होते. अजूनही वापरतात.

पेशी फ्री रॅडिकल वापरतात. निरोप द्यायला वापरतात, जंतू मारायला वापरतात. सगळे पुसून टाकणं हे ध्येयच चुकीचं. आता बऱ्याच जणांचं मत असं आहे की वनस्पतींमधली ही कडू-तुरट द्रव्यं पेशीला थोडा त्रास देतात, आणि त्या त्रासामुळे पेशी स्वतःची संरक्षणाची विकरं जास्त बनवते. म्हणजे बचाव पेशी स्वतः करते, चहा फक्त तिला जागं करतो. मला हे पटतं. पण थोड्या त्रासाची मात्रा वाढवली की तो नुसता त्रास उरतो. ग्रीन टीच्या कपाने सहसा कुणाला काही होत नाही, पण त्याच्या अर्काच्या गोळ्यांचं वेगळं आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलं की गोळ्यांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी घेणाऱ्यांत यकृताची विकरं वाढलेली दिसतात. मुक्ता, त्या डब्यात ग्रीन टीची पानं नव्हती, ‘अर्क’ होता. यकृताची तपासणीही करून घे.

आणि पेशीशुद्धी. पेशी स्वतःची मोडतोड स्वतः आवरते, जुने भाग फोडून पुन्हा वापरते. यामागची जनुकं योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टच्या पेशी उपाशी ठेवून शोधली, त्याबद्दल त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. त्या हॉलमध्ये पडद्यावर बहुधा हेच दाखवलं असेल. ते खरं आहे म्हणूनच माणसं फसतात. तीन कप चहाने ते काम जास्त चांगलं चालतं, हे मात्र कुणीही दाखवलेलं नाही.

गच्चीवरची_बाग

पेशीवालींचं वाचून सदाफुली आठवली. पुण्यात क्वचितच एखादी गॅलरी तिच्याशिवाय असेल. माझ्याकडे पांढरी आणि गुलाबी दोन्ही आहेत.

सदाफुलीच्या पानांचा चहा जमैकात मधुमेहावर पीत असत. १९५२ मध्ये तिथून पानांचं एक पाकीट कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे पोचलं. साखर उतरते का ते बघायचं होतं. उंदरांची साखर काही हलली नाही, पण त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातून १९५८ मध्ये व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. पुढे त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन आलं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही देतात. पेशी दुभंगताना आत जे धागे ताणले जातात ते ही औषधं बनू देत नाहीत, पेशी तिथेच अडकते. कॅन्सरची पेशी असो की अस्थिमज्जेतली चांगली, जी भराभर दुभंगते तिला जास्त फटका.

म्हणजे वनस्पतीच्या चहात पेशीवर काम करणारं द्रव्य असू शकतं, हे शंभर टक्के खरं. म्हणूनच माझा जीव वरखाली होतो. आमच्या सोसायटीतले एक आजोबा साखरेसाठी रोज सकाळी सदाफुलीची सात-आठ पानं चावतात. मी दोनदा सांगून बघितलं. ते म्हणतात, निसर्गाचं आहे, अपाय होणार नाही. त्यांच्या सुनेला मी हा धागा पाठवणार आहे.

हेमा_औंध

सहसा इथे लिहीत नाही, पण हे लिहिणं गरजेचं आहे.

माझ्या नवऱ्याला मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर, आहे. उपचार सुरू झाले तेव्हा येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा. व्हीटग्रास, हळदीच्या गोळ्या, आणि ग्रीन टी तर किती जणांनी आणला असेल. सगळे प्रेमापोटी. आमच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत वहीत लिहून दिलं: ग्रीन टी पूर्ण बंद. नवऱ्याला जे इंजेक्शन देतात, बोर्टेझोमिब, त्याला ग्रीन टीतलं ईजीसीजी चिकटतं आणि औषध निकामी करतं. प्रयोगशाळेत आणि उंदरांत हे २००९ मध्ये दिसून आलंय. बाई म्हणाल्या, “तुम्ही पेशी वाचवायला चहा द्याल आणि तो नको त्या पेशींना वाचवेल.”

ते वाक्य मी फ्रीजवर लावून ठेवलंय. कुणी डबा घेऊन आलं की मी ते दाखवते, वाद घालत नाही.

आल्याचा चहा मात्र बाईंनी चालेल म्हणून सांगितला, मळमळ कमी होते म्हणून. आणि खरंच होते. पातळसर, दूध न घालता, एका वेळी अर्धा कप. नवऱ्याच्या तोंडाला चव नसायची तेव्हा दिवसभरात तेवढंच जायचं.

पर्वतीचा_पांथस्थ

हेमाताई, तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा.

मी काल रात्री सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. वैद्यबाई, गुळवेलीचं विचारायचं राहिलं. मी चार-पाच वर्षं रोज तीस मिलि रस घेतोय. त्याबद्दलही काही आहे का?

वैद्य_शनिवारपेठ

आहे, आणि आमच्यातही त्यावर वाद आहे. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ रुग्णांची माहिती आली. चित्र बरंचसं स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटते तसं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात वापरली गेली असावी. भेसळ आणि चुकीची ओळख हा प्रश्न खरा आहे, मी स्वतः बाजारात बघते. पण म्हणून त्या रुग्णांकडे काणाडोळा करता येणार नाही. गुळवेल प्रतिकारशक्तीला चाळवते असं आपणच सांगतो, मग ज्याची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःवर उलटायच्या बेतात आहे त्याला ती चाळवली तर काय होईल, हा विचार करायलाच हवा.

माझा सल्ला: रोज, वर्षानुवर्षं, कारणाशिवाय नको. आता थांबवा आणि एकदा यकृताची रक्ततपासणी करून घ्या. ओळखीबद्दल शंका असेल तर पुण्यासारखी सोय दुसरीकडे कमीच. आघारकर संशोधन संस्था आहे, कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे वनस्पती ओळखणारी माणसं बसतात.

तुमच्या काढ्यातल्या मिरीबद्दलही एक. मिरीतलं पायपरिन यकृताचं काम मंदावतं, म्हणून हळदीतलं कुरक्युमिन जास्त शोषलं जातं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी माणसांत ते वीसपट वाढल्याचं दाखवलं, तो आकडा प्रत्येक हळदीच्या डब्यावर असतो. पण तेच पायपरिन फिटच्या, दम्याच्या, हृदयाच्या काही औषधांचंही प्रमाण वाढवतं, ते डब्यावर नसतं. चिमूटभर मिरीने घाबरायचं कारण नाही. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, एवढंच.

दालचिनी मात्र बघून घ्या. रविवार पेठेत जाड सालीची, एकाच पदराची, स्वस्त मिळते ती कॅसिया. तिच्यात कुमारिन असतं, ते रोज जास्त गेलं तर काहींच्या यकृताला सोसत नाही. कागदासारख्या पातळ पदरांची गुंडाळी असते ती सिलोनची, तिच्यात कुमारिन नावालाच.

केशव_सिंहगडरोड

माझी दोन वाक्यं. चहात काय आहे यापेक्षा तो किती गरम पितो हे पेशींना जास्त कळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कॅन्सरला बहुधा कारण ठरतात असं म्हटलंय, मग तो साधा चहा असो, काढा असो की नुसतं पाणी. माझे वडील पातेल्यातून थेट बशीत ओतून भुरकायचे. बशीत निदान निवतो तरी, कपातून तसाच प्यायला तर घशाखालची नाजूक पेशींची अस्तरं रोज भाजतात.

पेशीवाली

+१. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांना कित्येक वर्षं बघून हेच दिसलंय. पाच मिनिटं थांबा, बस.

बायकांसाठी अजून एक. चहातलं टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून टाकतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्या लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, शरीर सेकंदाला वीसेक लाख नव्या बनवतं, आणि त्या प्रत्येकीला लोह लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या. पेशींच्या आरोग्यासाठी चहाबद्दल मला एकच गोष्ट सांगायला सांगितली तर मी हीच सांगेन.

मुक्ता, आईंना बदल म्हणून काही हवं असेल तर लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा आहे. अमेरिकेत ६५ जणांवर सहा आठवडे, रोज तीन कप, अशी चाचणी झाली. २०१० मध्ये निकाल आला, वरचं बीपी सरासरी सात अंकांनी उतरलं. पण गोळी चालू असताना डॉक्टरांना विचारूनच. आणि दारातली जास्वंद ती नव्हे. दोघींना हिबिस्कस म्हणतात म्हणून गोंधळ होतो.

मुक्ता_कर्वेनगर

सगळ्यांचे किती आभार मानू. काल आईची तपासणी झाली. पोटॅशियम ४.२, बीपी १३६/८२, यकृत ठीक. उरलेला दीड डबा मी पिशवीत बंद करून ठेवलाय. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार देणार आहे. कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं. आईच्या भिशीत अजून पाच जणींकडे ते डबे आहेत. आईने स्वतः सगळ्यांना फोन केले. एकीला तसेच गोळे येत होते, ती वय झालं म्हणून गप्प होती.

हा धागा मी आईला वाचून दाखवला. सदाफुलीपाशी तिने मला थांबवून परत वाचायला लावलं. मग म्हणाली, “म्हणजे चहा म्हटलं तरी औषधाच्या यादीत सांगायचं.” तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आता तिच्याच अक्षरात लिहिलंय: सकाळी गोळी, दोन वेळा चहा, पावसाळ्यात गवती चहा.

डॉक्टरांनी गवती चहाला हो म्हटलंय. काल संध्याकाळी पाऊस होता. तिने दोन पाती धुतली, गाठ मारली, बोटभर आलं ठेचून दोन कप पाण्यात उकळायला ठेवलं. वास दारापर्यंत आला. मग पाव चमचा चहापूड, झाकण, तीन मिनिटं. दूध वरून. पहिला घोट घेऊन ती बराच वेळ खिडकीशी बसली होती.

एक अडचण आहे. आमच्या कुंडीतला गवती चहा या धावपळीत पाणी न मिळाल्याने वाळून गेलाय, कालची पाती शेजारच्या काकूंकडची. मंडईत जुडी मिळते पण तिला मुळं नसतात. कुणाकडे ठोंब आहे का?

गच्चीवरची_बाग

माझ्याकडे आहे, भरपूर माजलाय. एरंडवण्यात राहते, तुमच्या विपूत (विचारपूस) निरोप ठेवते. दोन ठोंब काढून मुळं ओल्या फडक्यात बांधून ठेवते, शनिवारपर्यंत टिकतील. लावताना वरची पाती वीतभर ठेवून छाटून टाका, आणि कुंडी खोल घ्या, निदान बारा इंची.